मुंग्यांचा बंदोबस्त

मेजर एक अख्खी दुपार डाव्या तळव्यात पिन घेऊन हिंडले आणि त्यांना त्याची खबरसुद्धा नव्हती.

पिन बोर्डाची होती. 'जिन्यात सायकली लावू नयेत' ही सूचना मेजरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि इमारतीच्या खालच्या बोर्डावर स्वतःच्या हातांनी टोचली, तेव्हा एका कोपऱ्याची पिन बोटांतून निसटली. हल्ली त्यांच्या बोटांतून बरंच काही निसटत असे. वाकून शोधणं त्यांच्या शिस्तीत बसत होतं, पण कंबरेत बसत नव्हतं. त्यांनी उरलेल्या पिनांवर भागवलं, एक पाऊल मागे सरकून सूचनेकडे कौतुकाने पाहिलं, आणि ते पाऊल नेमकं खाली पडलेल्या पिनेवर पडलं. मग ते टक, टक करत जिना चढून घरी आले.

"फरशी पोकळ झालीय," ते बायकोला म्हणाले. "बांधणारा चोर होता."

संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या खोल्यांची फरशी पोकळ निघाली. बायको भाजी निवडत ऐकत होती. फरशी फक्त डाव्या पायाखालीच पोकळ आहे, हे तिच्या लक्षात आलं. "अहो, बसा बघू जरा," ती म्हणाली आणि चप्पल काढायला गेली, तर चप्पल पिनेने पायाला टाचलेली होती. तिने लगेच डॉक्टरांकडे जायला पिशवी उचलली, आणि मेजरांना पिनेपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

मेजर हे काही खरे मेजर नव्हेत. सैन्याच्या वर्कशॉपात ते मेकॅनिक होते. गाड्यांची इंजिनं खोलायची, एकेक भाग द्रावणाच्या टाकीत बुडवून हातांनी घासायचा, पुसायचा आणि परत बसवायचा, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ते द्रावण इतकं जहाल होतं की वर्षानुवर्षांचं वंगण क्षणात सोडवायचं. हातांचीही गणना ते वंगणातच करत असावं. जमिनीवर सांडायचं, बुटांत झिरपायचं, आणि दिवसभर पाय त्यातच असायचे. पण निवृत्त झाल्यावर जो माणूस जिन्यातल्या सायकलींवर सूचना काढतो, त्याला मेजरपेक्षा कमी हुद्दा देणं इमारतीला बरं वाटलं नाही. मेजरांनीही बढती मुकाट्याने स्वीकारली.

घरच्या डॉक्टरांनी पिन काढली, जखम धुतली, आणि विचारलं, "दुखलं नाही?"

"अजिबात नाही!" मेजर ताठ बसून म्हणाले.

"मेजर, यात छाती फुगवण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. पायांच्या नसा निकामी होत चालल्या आहेत, हातांवरचे आणि नडग्यांवरचे चट्टे हेही त्याच द्रावणाचं देणं दिसतंय, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. माजी सैनिकांच्या इस्पितळात यासाठी खास बूट मिळतात, मलमं मिळतात, पायांची वरचेवर तपासणी होते. फक्त हे दुखणं नोकरीमुळे लागलं, असं माजी सैनिकांच्या कार्यालयाने मान्य करायला हवं. "दावा करा. ही पिन नवी होती म्हणून वाचलात. पुढची गंजकी असेल, आणि तेव्हा पिन नाही काढता येणार, पाय काढावा लागेल."

डॉक्टर हे मेजरांना म्हणाले, पण ऐकलं बायकोने. मेजरांनी फक्त दाव्याचं नाव ऐकलं. अर्जाच्या डोक्यावर ठळक छापलं होतं: अपंगत्वाचा दावा.

"मी काय अपंग आहे?" घरी आल्यावर ते गरजले. गरजताना त्यांची डावी चप्पल दारातच राहिली होती आणि ते एकाच चपलेवर स्वयंपाकघरापर्यंत आले होते. बायकोने दुसरी आणून त्यांच्या पायात घातली.

गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. इमारतीतल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी नातलग याच दुखण्याने गेलेला होता, आणि प्रत्येकाला तो तपशीलवार सांगायचा होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कढत पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायला सांगितलं. "किती कढत?" मेजरांनी विचारलं. "सोसवेल तेवढं," बाई म्हणाल्या. मेजरांना कितीही सोसवलं असतं, हीच तर अडचण होती. बायकोने पातेलं उचलून ठेवून दिलं.

शेवटी अर्ज भरण्याची कामगिरी समोरच्या पोस्टमास्तरांकडे गेली. पोस्टमास्तरही निवृत्त होते, पण त्यांचा स्वभाव अजून तारेच्या खिडकीत बसलेला होता. शब्द वाढला की खर्च वाढतो, हे त्यांच्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं की घरात पाहुणे आले तरी ते "या. बसा. चहा?" एवढंच म्हणत. मेजर येरझाऱ्या घालत सांगत होते आणि पोस्टमास्तर लिहीत होते.

"लिहा, वर्कशॉपातल्या द्रावणामुळे माझ्या दोन्ही पायांना गेली कित्येक वर्षं सतत मुंग्या येतात, आणि अंथरुणावर पडलं की त्या जास्तच…"

"पायांना मुंग्या," पोस्टमास्तर पुटपुटले आणि लिहिलं.

"…तसेच दोन्ही हातांवर लालसर, खरबरीत चट्टे उठतात, ज्यांना अतोनात खाज…"

"हातांवर चट्टे. खाज."

"कामावर असताना सुरक्षेची साधनं मिळाली होती का, असं विचारलंय," पोस्टमास्तरांनी पुढचा रकाना वाचला.

"होय. म्हणजे हातमोजे होते, तपासणीच्या दिवशी मिळायचे. साहेब येऊन गेले की परत कपाटात."

"होय," पोस्टमास्तरांनी लिहिलं. मग तळाशी थोडी जागा उरली होती ती पाहून त्यांना उदारपणा सुचला आणि त्यांनी भर घातली: "त्वरित बंदोबस्त व्हावा."

मेजरांनी न वाचता सही केली. समोर ठेवलेल्या कागदावर सही करायची आणि पुढे सरकायचं, हे ते सैन्यात शिकले होते.

आता कार्यालयाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्या कार्यालयाकडे माजी सैनिकांचे दावे तर येतच, शिवाय त्यांच्या घरांच्या तक्रारीही येत. कुणाचं छत गळतंय, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाकडे वाळवी. अशा ढिगात एक अर्ज आला. छापील मथळे तिथे कुणी वाचत नसे, हाताने लिहिलेलं तेवढंच वाचत. त्यात मुंग्या आहेत, हातांवर चट्टे आहेत, खाज आहे आणि बंदोबस्त हवा आहे. कुणीही शहाणा माणूस जे करेल तेच त्यांनी केलं.

बायको औषधं आणायला गेली होती तेव्हा दारावरची घंटा वाजली. पाठीवर टाकी आणि हातात नळी घेतलेला एक माणूस दारात उभा होता.

"कार्यालयाकडून आलोय. मुंग्यांचं तुमच्याकडेच ना?"

मेजरांना भरून आलं. घरी येऊन तपासणी! एवढी कदर होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी त्याला खुर्ची दिली. त्याने ती बाजूला सरकवून भिंतीचा कोपरा पाहिला.

"कुठून निघतात?"

"तळव्यातून निघतात, मग हळूहळू वर चढतात."

"तळातून," त्या माणसाने मान हलवली. "आणि जास्त कुठे जाणवतात?"

"अंथरुणात. पाठ टेकली की सुरू."

"म्हणजे गादी. चावतात?"

"चावत नाहीत हो, नुसत्या चालतात."

"लाल की काळ्या?"

मेजर गोंधळले. पण विशेषज्ञ माणूस विचारतोय म्हणजे काहीतरी शास्त्र असणार. त्यांनी बराच विचार केला. "तशा दिसत नाहीत," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"बारीक लाल," तो म्हणाला. "त्या दिसत नाहीतच. काका, तुम्ही बाहेर उभे राहा."

बायको परत आली तेव्हा मेजर जिन्यात सायकलींच्या शेजारी उभे होते, आणि घरातून त्या जुन्या वर्कशॉपासारखा वास येत होता. त्या फवाऱ्याने मुंग्या मेल्या असतील तर असोत, घरात त्या नव्हत्याच, पण मेजरांचे चट्टे मात्र खवळले. मानेपर्यंत चढले. आठवडाभर ते पातळ सुती सदऱ्यात खिडकीशी बसून होते आणि बायको त्यांच्या पाठीवर ओली पट्टी फिरवत होती. वरच्या बाईंनी खाली येऊन, मुंग्या मारल्या की त्यांचा तळतळाट लागतो, असंही सांगून पाहिलं.

मग पत्र आलं. 'आपल्या निवासस्थानातील मुंग्यांचा बंदोबस्त करण्यात आला असून आपण काम समाधानकारक झाल्याची सही दिली आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मेजरांच्या पायाखालची जमीन सरकली. निदान सरकली असावी. त्यांना ते कळायला मार्ग नव्हता.

"तुम्ही सहीसुद्धा दिलीत?" बायकोने विचारलं.

"त्याने काम तर केलं ना," मेजर म्हणाले.

पोस्टमास्तरांना वाईट वाटलं. दोष त्यांनी मुंग्यांवर ढकलला. तो शब्दच संदिग्ध आहे, म्हणाले, आणि दुसऱ्या अर्जातून त्याला हाकलून दिलं. नवा मजकूर त्यांनी स्वतः वाचून दाखवला: "मुंग्या नाहीत. बधिर. पुन्हा तपासावे." 'पाय' हा शब्द त्यांना गरजेचा वाटला नाही, कारण पहिल्या अर्जात तो येऊन गेला होता.

या वेळी बोलावणं आलं ते कानांच्या तपासणीचं. बायकोला त्या दिवशी बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मेजर एकटेच गेले. एका बंद खोलीत त्यांच्या कानांवर यंत्र चढवलं गेलं. आवाज आला की बटण दाबायचं. मेजरांनी एकही आवाज निसटू दिला नाही. काही आवाज तर यंत्राने काढायच्या आधीच त्यांनी टिपले. तपासणाऱ्याने त्यांची पाठ थोपटली आणि या वयात असे कान आपण पाहिले नाहीत असं सांगितलं. मेजर घरी आले ते जिन्यावरूनच हाका मारत.

"अगं, पहिल्या झटक्यात पास! कान एकदम लख्ख!"

बायकोने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि तो त्यांच्या बोटांत नीट बसेपर्यंत स्वतःचा हात खाली धरून ठेवला. "अहो," ती हळूच म्हणाली, "आपण नापास व्हायला गेलो होतो ना?"

मेजरांचा चेहरा पडला. ही बाजू त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. ते दुपारी जेवायलाही उठले नाहीत, आणि तिलाही वाईट वाटलं, कारण कित्येक दिवसांत तो माणूस पहिल्यांदाच इतका खुशीत घरी आला होता. पण डॉक्टरांचं ते वाक्य तिच्या मनातून जात नव्हतं. दर सकाळी ती त्यांचे बूट उलटे करून झटकायची आणि आत बोटं फिरवून बघायची.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः उठली आणि मेजरांना घेऊन थेट कार्यालयात गेली.

कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली, बाकांची रांग आणि एकच खिडकी. खिडकीमागचा कारकून सकाळपासून खुर्चीतून हलला नव्हता, असं त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. त्याने फाइल उघडली आणि दमलेल्या आवाजात वाचली.

"काकू, मुंग्यांची तक्रार निकाली आहे. बधिरपणाचीही निकाली आहे. कान उत्तम आहेत. आता काय राहिलं?"

"पाय राहिलेत," बायको म्हणाली. "मुंग्या पायांना येतात."

"त्यावर फवारणी झालीय."

"अहो भाऊ, त्या मुंग्या नव्हेत. पायांना येतात त्या."

"घरात येतात त्याही पायांनाच येतात, काकू. आधी पायांना येतात, मग वर चढतात. काकांनीच सांगितलंय तसं, अहवालात आहे."

मेजर मागे ताठ उभे होते. अख्ख्या बाकांची रांग आपल्याकडे बघतेय हे त्यांना कळत होतं आणि कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "चल गं," ते म्हणाले. "चल घरी. मला काही झालेलं नाही."

"तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली. लग्नानंतर हे वाक्य तिने चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारलं. मेजर इतके चकित झाले की खरोखरच गप्प बसले.

कारकुनाने सुस्कारा टाकला. "थांबा, मी मोठ्या साहेबांना विचारून येतो." तो उठला, एक पाऊल टाकलं, आणि टेबलाला धरून वाकडातिकडा उभा राहिला. "आई गं! जरा थांबा हं. पायाला मुंग्या आल्या."

बायको खिडकीतून आत वाकली.

"लाल की काळ्या?" बायकोने विचारलं.

बाकांवरचा एक म्हातारा सैनिक पहिल्यांदा हसला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग सगळी रांग. कारकून एका पायावर तसाच उभा होता. त्याने आपल्या पायाकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, आणि शेवटी मेजरांच्या बुटांकडे पाहिलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

"काका," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात दमणूक नव्हती. "या… या अशा? आणि नेहमी?"

"नेहमी," मेजर म्हणाले. "तुमच्या जातील आता."

कारकून लंगडत लंगडतच मोठ्या साहेबांकडे गेला. परत आला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने नवा अर्ज लिहिला, पूर्ण वाक्यांत, आणि इस्पितळातल्या तपासणीचा दिवस लिहून दिला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मेजरांच्या कानावर एक शब्द पडला होता, तपासणी, आणि त्या शब्दाने त्यांच्या अंगात जुनी वर्षं संचारली. वर्कशॉपात तपासणी म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. आदल्या दिवशी फरशा घासायच्या, हत्यारं ओळीत लावायची, सांडलेल्या तेलावर भुसा टाकून झाडून घ्यायचं, कपाटातून कोरे हातमोजे काढून हातात चढवायचे. साहेब समोरून गेले की छाती पुढे काढून एकच वाक्य म्हणायचं: "सगळं ठीक, साहेब!" मेजर कधी तपासणीत नापास झाले नव्हते. त्यांच्या आयुष्यातली तेवढी एक गोष्ट कुणी हिरावून घेतलेली नव्हती.

तपासणीच्या सकाळी ते न्हाव्याकडे जाऊन आले. बुटांना इतकं पॉलिश केलं की त्यात तोंड दिसावं. हातांना तेल चोळून चट्टे दबवले आणि उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा चढवला. बायको त्यांच्या सदऱ्याची बटणं लावायला पुढे आली. पूर्वी ती बटणं ते स्वतःच लावत. मग कधीतरी सगळ्या सदऱ्यांची काजं निघून तिथे टिचबटणं आली, आणि टिचबटणंही बोटांना जुमानेनात तेव्हा 'तुम्हाला नेहमी घाईच' असं म्हणत ती स्वतःच लावू लागली. मेजरांची समजूत अशी होती की तिला काही कळलेलं नाही. आपण सगळं व्यवस्थित लपवलंय, या समजुतीवर त्यांचं बरं चाललं होतं.

तपासणारी डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाजाने मऊ. तिने मेजरांना उंच पलंगावर बसवलं, बूटमोजे काढायला लावले आणि स्वतः एका स्टुलावर बसली. बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"काका, डोळे मिटा. मी तळव्याला हलकेच स्पर्श करेन. जाणवला की 'हो' म्हणा."

मेजरांनी डोळे मिटले. आणि त्याच क्षणी त्यांच्या लख्ख कानांनी एक गोष्ट टिपली. डॉक्टरीणबाई पुढे वाकली की स्टूल कुरकुरत होतं.

कुर्र.

"हो!" मेजर म्हणाले.

कुर्र. "हो!" कुर्र. "हो!"

डाव्या पायाचा तळवा, टाच, अंगठा, मग उजवा पाय. मेजरांचा एकही 'हो' चुकला नाही. चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. डॉक्टरीणबाईच्या कपाळावर मात्र आठी पडली. घरच्या डॉक्टरांनी तर काही वेगळंच कळवलं होतं. पण दिसतं ते लिहायला हवं, म्हणून तिने पेन उचललं.

"जरा थांबाल का?" बायको उठली. "एकदा पुन्हा घ्याल? फक्त तुम्ही उभ्या राहा. यांचे कान फार चांगले आहेत. सरकारनेच तसं लिहून दिलंय."

डॉक्टरीणबाईने स्टुलाकडे पाहिलं. मग ती उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"अहो, डोळे मिटा पुन्हा," बायको म्हणाली.

मेजरांनी डोळे मिटले आणि कान टवकारले. कुठेच काही कुरकुरलं नाही. बाहेरच्या पॅसेजमधून एक ढकलगाडी गेली. कुणीतरी कुणालातरी हाक मारली. मेजर वाट पाहत होते. छाती पुढे काढून, 'हो' ओठांवर तयार ठेवून ते बसले होते, आणि पुढे काही घडतच नव्हतं.

"सुरू करा की," शेवटी ते म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

बायको त्यांच्यासमोर स्टुलावर बसली होती, ते कुरकुरू नये म्हणून जराही न हलता. त्यांचा डावा पाय तिच्या मांडीवर होता. दोन्ही हातांनी तिने तो घट्ट धरला होता, इतका घट्ट की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मेजरांनी पायाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"कधीपासून धरलायस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही डोळे मिटल्यापासून," ती म्हणाली.

पिन रुतली, चट्टे खवळले, मानहानी झाली, तेव्हा हा माणूस हलला नव्हता. पण ती पाय धरून बसली होती आणि आपल्याला ते कळलंच नाही, हे त्यांना सोसवेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला तेव्हा सदऱ्याची बाही मागे सरकून चट्टे उघडे पडले. त्यांनी ती परत ओढून घेतली नाही.

डॉक्टरीणबाई पुढे आली. "काका, आता मला सांगा. कसं आहे?"

हे वाक्य मेजरांना आयुष्यभर माहीत होतं आणि त्याचं उत्तरही. ते ओठांपर्यंत आलं.

"ठीक नाही," ते म्हणाले. आणि जरा थांबून पुन्हा म्हणाले, "साहेब, ठीक नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टाकी, बुटांत झिरपणारं द्रावण, पायांची होणारी आग, हातातून निसटणारे पेले. डॉक्टरीणबाईने कुठेही घाई केली नाही. जुना अर्ज चाळताना ती एका रकान्याशी अडली. "इथे तर सुरक्षेची साधनं मिळाली होती असं लिहिलंय. 'होय' असं."

"हातमोजे मिळायचे," मेजर म्हणाले. "तपासणीच्या दिवशी."

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं.

"यांचं असंच आहे," बायको म्हणाली. पाय अजून तिच्या मांडीवरच होता. "तपासणीच्या दिवशी सगळं ठीक असतं. बाकीचे दिवस मी बघते. अंघोळीचं पाणी आधी मी हात घालून बघते. बूट झटकते. चप्पल कुठे गळली ते मागे बघत चालते. यांना वाटतं मला कळत नाही."

"तुला कळत होतं?" मेजर म्हणाले.

"इश्श," ती म्हणाली, "माझी बोटं शाबूत आहेत."

दावा मंजूर झाला. नसांचाही आणि कातडीचाही, आणि कारण म्हणून स्वच्छ अक्षरांत 'सेवेमुळे' असं लिहिलेलं होतं. मेजरांनी तो शब्द पोस्टमास्तरांना वाचून दाखवला. पोस्टमास्तरांनी पत्र आपल्या हातात घेतलं, पुन्हा वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गरजेपेक्षा जास्त शब्द वापरले. "फार, फार, फार छान झालं, मेजरसाहेब," ते म्हणाले. खास बूट आले. रुंद, मऊ, आतून एकही शिवण नसलेले. त्याच आठवड्यात कार्यालयाच्या दुसऱ्या विभागाचंही पत्र आलं की मुंग्यांचा उपद्रव पुन्हा झाल्यास विनासंकोच कळवावं. बायकोने ते डब्याच्या तळाशी घालायला घेतलं.

आता रोज दुपारी जेवणं झाली की मेजर आरामखुर्चीत बसतात आणि बायको समोर स्टूल ओढून त्यांच्या पायांना मलम लावते. आधी टाचेला, मग तळव्याला, मग एकेका बोटाला. पूर्वी मेजर अशा वेळी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले असते. आता ते वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवतात, चष्मा लावतात, आणि तिचा हात कुठून कुठे जातो ते बघत बसतात. डोळे मिटत नाहीत. पायाला कळत नाही, म्हणून डोळ्यांनी घ्यायचं.

"कसं वाटतंय?" ती विचारते.

"दिसतंय," मेजर म्हणतात. "छान दिसतंय."